सकाळीच दुखणारी कंबर

पूर्वी घरत हिची कंबर फक्त सकाळी दुखायची, आणि घरच्यांच्या मते हाच तिच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा होता. दिवसभर दुखली असती तर कोणाची काही तक्रार नव्हती. दुखणाऱ्या माणसाने रीतसर दुखावं, आल्यागेल्याला दिसेल असं दुखावं. पहाटे साडेपाचला, भाकरीचं पीठ मळायच्या वेळेला नेमकं दुखायचं आणि साडेआठला द्रोणागिरीच्या कंपनी बसमध्ये चढताना थांबायचं, याला तिच्या सासूबाई, वेणूबाई, दुखणं म्हणत नसत. त्यांच्याकडे त्यासाठी दुसरा शब्द होता आणि तो त्या मजल्यावरच्या तीनही शेजारणींना पाठ झाला होता.

पूर्वी अठ्ठावीस वर्षांची. द्रोणागिरीला कंटेनरची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी, पनवेलला लागून करंजाड्यात तिसऱ्या मजल्यावर सासर. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा निनाद एका बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर. स्वभावाने इतका सालस, की आई आणि बायको यांच्यात कोणाचं खरं हे ठरवायची वेळ आली की त्याला हमखास साइटवरून फोन यायचा.

पहाटे चारच्या सुमाराला तिला जाग यायची. कंबरेच्या खाली, कुल्ल्याच्या आत कुठेतरी खोल ठणका लागलेला असायचा. आज डावीकडे, तर आठवड्याने उजवीकडे. कुशीवर वळायचं म्हणजे आधी पलंगाची कड धरायची, मग गुडघे वळवायचे, मग खांदे. बसतं व्हायला दहा मिनिटं, उभं राहायला आणखी पाच. त्यानंतर भिंतीला हात लावत बाथरूम आणि अंगावर कढत पाणी. तासाभराने पाठ हळूहळू मोकळी व्हायची, आणि तोवर वेणूबाईंच्या भाकऱ्या थापून झालेल्या असायच्या. त्या प्रत्येक भाकरी जरा जोरातच थापत.

घरच्यांनी उपचार केले नाहीत असं कोणी म्हणू शकणार नाही. पनवेलमध्ये उपचारांची कमी नाही, आणि मत देणाऱ्यांची तर नाहीच नाही. पहिल्यांदा हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्याकडे चाळीसावा नंबर होता. ती आत जाऊन बसेपर्यंत त्यांनी एक्स-रे लिहून दिला होता. एक्स-रे नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "पाठीचे मणके एकदम छान आहेत. कॉम्प्युटरवर बसता ना? मग हे होणारच." पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ते पाच दिवस पूर्वी पहाटे टुणकन उठली, भाकऱ्या केल्या, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं. सहाव्या दिवशी गोळ्या संपल्या आणि सातव्या दिवशी ती पुन्हा पलंगाची कड धरून होती. गोळीने इतकं बरं वाटतं आणि गोळी थांबली की परत दुखतं, याचा अर्थ काय, असं कोणीही विचारलं नाही. अर्थ कशाला हवा, एक्स-रे होता ना. वेणूबाईंनी तो कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला आणि पाहुणे आले की विषय काढायच्या. "डाक्टरनी फोटो काढलाय. काय नाय निंगला. एकदम बरोबर हाय सगला."

मग व्हिटॅमिन डी कमी निघालं. पनवेलमध्ये ज्याचं व्हिटॅमिन डी कमी नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय, पण पूर्वीच्या बाबतीत त्याला मोठं महत्त्व आलं. तिने आठवड्याला एक पुडी दुधातून घेतली. कंबरेला पट्टा बांधला. ऑफिसातल्या सीनियरने खुर्ची बदलायला सांगितली, ती बदलली. गच्चीवर भेटणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की पहिलं मूल झालं की पाठ आपोआप मोकळी होते. निनादने हप्त्यावर एक कडक गादी आणली. गादीचा फायदा झाला, तो निनादला. तो त्या गादीवर आडवा झाला की दोन मिनिटांत घोरायला लागायचा.

मधेच तिच्या टाचा दुखायला लागल्या. त्याचं खापर चपलांवर फुटलं. कंबर कॉम्प्युटरमुळे, टाचा चपलांमुळे, आणि थकवा येतो तो मोबाइलमुळे. एका बाईला तीन आजार आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी, असा हिशोब सगळ्यांना पटला होता. पूर्वीलाही पटला होता. तिला फक्त एक कळत नव्हतं, की सगळं एकाच वेळी का.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. बँकेतल्या ठेवीसारखी पूर्वी पलंगावर पडून राहिली आणि दुखणं व्याजासकट वाढलं. आता ते सकाळी साडेआठला न थांबता अकरा-बारापर्यंत चालायचं. तिने घाबरत घाबरत डॉक्टरांना सांगितलं, "झोपून राहिलं की जास्त दुखतं. चाललं-फिरलं की बरं वाटतं."

डॉक्टर हसले. "मग चाला-फिरा की."

बाहेर बाकावर बसलेल्या वेणूबाईंनी ते ऐकलं. घरी आल्यावर त्या निनादला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "डाक्टरपण हसला."

त्यानंतर अंकिताची हळद आली. अंकिता निनादची धाकटी बहीण. त्यांच्याकडची हळद म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. मंडप, डीजे, आणि ओळखीचं-अनोळखी मिळून अख्खं गाव. पूर्वी सुरुवातीला कडेला उभी होती. मग कोणीतरी हात धरून ओढलं. दहा मिनिटं नाचल्यावर तिच्या लक्षात आलं की पाठ सैल झालीय. अर्ध्या तासाने दुखणं जवळजवळ नाहीसं झालं. महिन्यांमागून महिने लाकडासारखं झालेलं अंग आपलं वाटायला लागलं होतं. ते थांबवावं असं तिला वाटेना. ती अडीच तास नाचली. चुलतनणंदेने त्याचा व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या सकाळी पूर्वी पावणेसातपर्यंत पलंगावरून उठू शकली नाही. दारात वेणूबाई उभ्या राहिल्या. मागे दोन आत्या, एक मावशी.

"रातचा नाचाला कंबर हाय," वेणूबाई म्हणाल्या, "सकालचा पानी भराला नाय."

आत्या हसल्या. मावशीने तोंडाला पदर लावला, म्हणजे तीही हसली. निनाद तिथेच होता. त्याने खिशातून फोन काढला आणि न वाजलेला फोन कानाला लावून गॅलरीत गेला.

त्या दिवसापासून पूर्वीने दुखतंय असं सांगणं बंद केलं. आणि सांगणं बंद केल्यावर काही आठवड्यांनी तिला स्वतःचाच संशय यायला लागला. एवढी माणसं म्हणतायत, एक्स-रे म्हणतोय, डॉक्टर हसतात. म्हणजे मला खरंच उठायचं नसेल. कोणाला न कळता मीच हे करत असेन. पहाटे चारला डोळे उघडे ठेवून ती पडल्या पडल्या स्वतःला म्हणायची, ऊठ, नाटकं पुरे. आणि उठता यायचं नाही. दुखण्यापेक्षा हे वाईट होतं. दुखण्यात निदान ती आणि कंबर एका बाजूला होत्या.

मार्चमध्ये तिचा उजवा डोळा लाल झाला.

डोळे आलेत, असं घरात एकमताने ठरलं. वेणूबाईंनी गुलाबपाणी घातलं. खालच्या केमिस्टने विचारपूस न करता थेंब दिले. निनादने गॉगल आणला, आणि तो तिला शोभतो असंही म्हणाला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात ट्यूबलाइटकडे बघितलं आणि डोळ्यात सुई गेल्यासारखं झालं. स्क्रीनवरचे कंटेनरचे नंबर धुक्यात गेले. सीनियरने तिला घरी जायला सांगितलं. ती घरी गेली नाही. पनवेलला उतरली आणि जुन्या बाजारातल्या एका जिन्यावर डोळ्यांच्या डॉक्टरची पाटी दिसली, तिथे चढली. इथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं, एवढंच तिला पुरेसं होतं.

डॉ. सई लिमये तिच्याच वयाच्या असतील. त्यांनी हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि बराच वेळ डोळ्यात पाहिलं. मग दिवा बंद केला.

"हे डोळे येणं नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे. बरं झालं आलात, उशीर झाला असता तर नजरेला धोका होता." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "एक विचारते. कंबर दुखते का हो?"

पूर्वीला वाटलं, ही पण. नातेवाइकांचा ग्रुप इथपर्यंत पोचला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. दुखते का?"

"थोडी."

"सकाळी जास्त? उठल्यावर आखडलेली असते, अर्धा तास, तास?"

पूर्वीने मान डोलावली.

"पहाटे जाग येते दुखून? एकदा चालायला-फिरायला लागलं की कमी होते, आणि पडून राहिलं की वाढते? टाचा दुखतात का?"

दोन वर्षांत एकाही माणसाने यातलं एकही विचारलं नव्हतं. आणि ही बाई असं विचारत होती, जणू रोज पहाटे चारला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला झोपलेली होती. पूर्वीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी कापूस पुढे केला. "थेंबांनी चुरचुरतं सुरुवातीला," त्या म्हणाल्या. थेंब अजून घातले नव्हते.

मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते, ती काहींच्या बाबतीत आपल्याच शरीरावर उलटते. सूज एका जागी राहत नाही. पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडाला मिळतो तिथे ती धरते, टाचेच्या शिरेला धरते, डोळ्यात उतरते. ठिकाणं वेगळी, आजार एकच. आराम केला की ती सूज साचते, हालचाल केली की अंग मोकळं होतं. साध्या एक्स-रेत सुरुवातीची कित्येक वर्षं काही दिसत नाही. "माझी शंका आहे, खात्री नाही," त्या म्हणाल्या. "संधिवाताच्या तज्ज्ञांना चिठ्ठी देते. डोळ्याचं मी बघते."

पूर्वीने विचारलं, "मग नाचल्यावर बरं वाटतं ते?"

"वाटणारच. नाचा."

घरी हे सांगितल्यावर वेणूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डोल्याची डाक्टरीण कंबरेचा सांगते. आता दातवाला काय सांगल, गुडघ्याचा?" या वेळी मात्र निनादने फोन काढला नाही. डोळ्याच्या कागदावर 'नजरेला धोका' असं लिहिलेलं त्याने वाचलं होतं. कंबर दुखते हे बायकोचं म्हणणं होतं, नजर जाईल हे डॉक्टरांचं. निनादसारख्या माणसाला दुसरं लवकर कळतं. त्याने रजा टाकली आणि तिला घेऊन वाशीला गेला.

वाशीच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, रक्त तपासलं. रक्तात सुजेचं प्रमाण हवं त्याच्या चौपट होतं. एमआरआयमध्ये कमरेच्या सांध्यांपाशी दोन्हीकडे पांढरे डाग होते. डॉक्टरांनी बोटाने दाखवले. निनाद त्या डागांकडे बराच वेळ बघत राहिला. सिमेंटमध्ये पाणी मुरलेलं त्याला लगेच ओळखू यायचं. हे दोन वर्षं शेजारी झोपून ओळखता आलं नव्हतं.

"घरात कोणाला आहे असं?" डॉक्टरांनी विचारलं. "हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. वडील, आजोबा, कोणाची पाठ वाकलेली?"

"बाबांची आहे," पूर्वी म्हणाली. "पण ती मीठ वाहून वाकलीय."

हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि सांगतही आली होती. तिचे बाबा बुधाजी उरणच्या वाटेवरच्या गावात राहायचे. तरुणपणी मिठागरात होते. आता पाठ पुढे झुकलेली आणि मान अशी, की बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे मान वर करून बघता येत नसे. त्यामुळे गावातले काही लोक म्हणत, सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे आल्यापासून बुधाजी कोणाकडे बघत नाही. पण बाकी सगळ्यांच्या तोंडी एकच असायचं, बुधाजीसारखा कष्टाळू माणूस पंचक्रोशीत झाला नाही. पहाटे तीनला उठून मिठागरावर हजर. बाकीचे सहाला यायचे तेव्हा बुधाजीचं दोन कप्प्यांतलं मीठ ओढून झालेलं.

रविवारी पूर्वी माहेरी गेली. बाबा ओट्यावर बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, मग विचारलं, "बाबा, तुमी तीनला का उठायचात?"

"काम असायचा."

"काम सहाला पण असायचं."

बुधाजींनी अख्खं अंग वळवून तिच्याकडे तोंड केलं. "झोप नाय लागायची बाय. तीन वाजले का कंबर अशी धरायची, वाटायचा कोनी आत खिला ठोकलाय. पडून रायलो का मरायचो. म्हनून उठायचो आनि जायचो. बांधावर चार फेऱ्या मारल्या, फावडा हातात घेतला, का सुटायची."

"कोणाला सांगितलंत?"

"काय सांगायचा? लोक बोलायचे बुधाजी मेहनती हाय. बरा वाटायचा ऐकाला."

पूर्वीला हसू आलं, आणि त्या हसण्यात बराच राग होता. एकच दुखणं. बाप त्याच्यामुळे घराबाहेर पडला, तर पंचक्रोशीत नाव झालं. लेक त्याच्यामुळे पलंगावर अडकली, तर मजल्यावरच्या तीन शेजारणींत नाव झालं. बापाला सकाळी सहाला भाकऱ्या थापायच्या नव्हत्या. त्या त्याच्यासाठी कोणीतरी थापून फडक्यात बांधून देत होतं, आणि त्या थापणारीचीही कंबर दुखत असेल तर ते कोणाला माहीत.

पूर्वीच्या गोळ्या सुरू झाल्या, सुजेवरच्या, रोजच्या. सोबत व्यायाम, तोही रोजचा. डोळा महिन्याभरात निवळला. एप्रिलअखेर ती पहाटे जागी झाली तेव्हा सहा वाजले होते, आणि उठून बसल्यावर तिच्या लक्षात आलं की पलंगाची कड धरलीच नव्हती. सगळं संपलं असं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गोळ्यांनी भागलं नाही तर इंजेक्शनं लागतील, डोळा पुन्हा कधीही लाल होऊ शकतो, आणि हे आयुष्यभराचं आहे. आयुष्यभराचं आहे हे ऐकून तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला वाटलं, चला, आहे तर.

वेणूबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. असल्या गोष्टी त्यांच्या घराण्यात नव्हत्या. पण आजाराचं इंग्रजी नाव इतकं लांब आहे आणि निदानाला इतकी मोठी मशीन लागली, हे कळल्यावर त्यांचा पवित्रा बदलला. शेजारणींना त्या आता वेगळ्या सुरात सांगू लागल्या. "साधासुधा नाय. लाखात एकाला होतो. पनवेलच्या डाक्टरना कललाच नाय, आमी वाशीला नेला म्हनून." यातल्या 'आमी'त त्या स्वतः कधी शिरल्या हे पूर्वीने विचारलं नाही. सकाळच्या पहिल्या चार भाकऱ्या मात्र त्या आता हळू थापत.

मे महिन्यात तिने बाबांना वाशीला नेलं. ते तयार नव्हते. निनाद गाडी घेऊन गेला आणि जावयासमोर नाही म्हणता येईना. डॉक्टरांनी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. डोकं भिंतीला टेकेना, मधे वीतभर अंतर राहिलं. एक्स-रेत मणके एकमेकांना जुळून एकसलग काठी झालेली दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "हे चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालंय. जे जुळलं ते आता सुटणार नाही. पण श्वासाचे व्यायाम करा, जमेल तितकं पोहा. आणि मान कोणालाही मोडू देऊ नका, न्हाव्यालाही नाही."

परत येताना गाडीत बुधाजी पुढे बसले होते. पळस्पे फाट्यापाशी, मागे वळता येत नसल्यामुळे, काचेकडे बघतच बोलले.

"म्हनजे मी मेहनती नव्हतो."

पूर्वी मागच्या सीटवर होती. "मेहनती होतात की. कंबर दुखत असताना दोन कप्पे ओढायचात. दुसरं कोण ओढेल?"

"पन दुखत होती म्हनून ओढायचो."

"हो."

बुधाजींनी हे मनात जरा फिरवून पाहिलं. त्यांच्या आयुष्यात त्यांना मिळालेली तेवढी एकच पदवी होती, आणि ती आज वाशीच्या डॉक्टरने फायलीत घालून ठेवली होती.

"गावात नको सांगू," ते म्हणाले.

निनादने आरशातून पूर्वीकडे पाहिलं. तिने दोन वर्षं एकच धडपड केली होती, की कोणीतरी मानावं मला आजार आहे. आणि पुढच्या सीटवर तिचा बाप बसला होता, ज्याला तोच आजार होता आणि तो कोणाला कळू नये एवढीच त्याची इच्छा होती. तिला त्यांना बरंच काही सांगावंसं वाटलं. मग तिने त्यांची झुकलेली मान पाहिली.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "पण व्यायाम करायचा. रोज."

"करीन."

ते खरंच करतात. गच्चीवर, दाराला कडी लावून. शेजारच्या कोणी विचारलं की वर काय करता, तर सांगतात, मिरच्या वाळत घातल्यात.